राइझ की रेझ, कम की गो : हालचाल आणि बदल सांगणारी इंग्रजी क्रियापदं

कानामात्रा

भाषांतरं तपासायचं काम करते, त्यामुळे एकाच जातीच्या चुका सतत समोर येतात. लिहिणाऱ्याचं इंग्रजी चांगलं असतं, काळ चोख असतात, शब्दही नेमके असतात. आणि तरी मध्येच 'द प्राइसेस रेझ्ड' किंवा 'ही वॉज लेइंग ऑन द बेड' असं वाक्य टपकतं. शब्दकोशाने हे सुटत नाही. 'राइझ' म्हणजे वर जाणे, वाढणे आणि 'रेझ' म्हणजे वर उचलणे, वाढवणे, हे त्या माणसालाही पाठ असतं. लिहिण्याच्या ओघात हात भलतीकडे जातो.

माझं मत असं की मराठी माणसाने या जोड्या घोकत बसू नये, कारण हीच व्यवस्था आपण दिवसभर वापरतो. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, गळणे-गाळणे. 'मी झाड पडलं' असं चार वर्षांचं पोरही म्हणत नाही. मग इंग्रजीत अडखळायचं कशाला? आधी वाक्य मनात मराठीत, भूतकाळात म्हणायचं ('मी', 'तू' असेल तर तिथे 'तो' धरून, कारण त्यांना 'ने' लागत नाही) आणि कर्त्याला 'ने' लागतोय का ते बघायचं. 'भाव वाढले' : इथे 'ने' नाही, म्हणजे 'रोझ'. 'त्यांनी भाव वाढवले' : 'ने'चा भाऊ 'नी' आला, म्हणजे 'रेझ्ड'. 'तो पलंगावर पडला होता' : 'वॉज लाइंग'. 'तिने बाळाला पलंगावर ठेवलं' : 'लेड'. 'सूर्य उगवला' : 'रोझ'. 'तिने हात वर केला' : 'रेझ्ड'.

(मराठीत 'तो शिकला', 'ती विसरली' असे काही चुकार आहेत, कर्म असूनही 'ने' न घेणारे. पण हालचालीच्या क्रियापदांत ते फारसे आडवे येत नाहीत.)

खरा सापळा एकच आहे, 'लाय' आणि 'ले'चा. आडवं होणे या अर्थाचं 'लाय', त्याचा भूतकाळ 'ले', आणि तिसरं रूप 'लेन'. ठेवणे या अर्थाचं 'ले', त्याची पुढची दोन्ही रूपं 'लेड'. म्हणजे एकाचा भूतकाळ हाच दुसऱ्याचा वर्तमानकाळ! 'काल दुपारी मी जरा आडवा झालो' याचं बरोबर इंग्रजी 'आय ले डाउन', आणि ते कानाला चुकीचं वाटतं. भरीला खोटं बोलणारा तिसरा 'लाय' आहे, त्याची रूपं 'लाइड, लाइड'. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही बोलताना 'आय नीड टू ले डाउन' सर्रास म्हणतात. बोलण्यात खपतं. छापील मजकुरात मी ते लाल करते.

तुमच्याकडे अशा कुठल्या जोड्या अडतात? लिहा.

उंबरठा

छान धागा. पाडणे-रेझ हे साम्य योगायोग नाही, म्हणून थोडी भर घालतो.

'सिट'-'सेट', 'लाय'-'ले', 'फॉल'-'फेल' (झाड तोडून पाडणे) आणि, विश्वास बसणार नाही, 'ड्रिंक'-'ड्रेंच' या सगळ्या एकाच साच्यातून निघालेल्या जोड्या आहेत. प्राचीन जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन यांच्या पूर्वज) मूळ धातूतला स्वर बदलून पुढे एक प्रत्यय लावला की 'करायला लावणे' असा अर्थ मिळायचा. 'ड्रेंच' म्हणजे मुळात 'प्यायला लावणे'. पुढे त्याचा अर्थ भिजवून चिंब करणे असा सरकला. प्रत्यय झिजून गेला, फक्त बदललेला स्वर मागे राहिला.

संस्कृतात हेच पतति-पातयति. तो 'अय' आणि जर्मानिकांचा तो प्रत्यय एकाच इंडो-युरोपीय प्रत्ययाची लेकरं आहेत. आपलं पडणे-पाडणे प्राकृतातून आलं ते त्या पतति-पातयतिमधूनच. तेव्हा मराठी माणसाला ही जोडी 'आतून' कळते हे कानामात्रा यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे.

जाता जाता : 'रेझ' हा शब्द इंग्रजीत उत्तरेकडून, नॉर्सभाषकांकडून (स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांकडून) आला. 'राइझ'ची इंग्रजीतली घरची जोडीदार म्हणजे 'रिअर'. मुलं वाढवणे या अर्थी आजही 'रिअर' आणि 'रेझ' दोन्ही चालतात ते त्यामुळेच.

मधली_सुट्टी

ड्रेंच!!! आता पावसात भिजले की पावसाने मला प्यायला लावलं असं वाटणार.

टोचणी

सगळं मान्य, पण 'ने'ची परीक्षा अर्ध्या वाटेत सोडून देते. 'ओपन', 'ब्रेक', 'मूव्ह', 'चेंज', 'इन्क्रीज' यांचं काय? इंग्रजीत यांना जोडीदारच नाहीत. 'द डोअर ओपन्ड' आणि 'शी ओपन्ड द डोअर', क्रियापद तेच. तिथे 'ने' लागला काय नि न लागला काय.

कानामात्रा

टोचणी, बरोबर पकडलंत. पण मराठीतही 'दार उघडलं' आणि 'तिने दार उघडलं' यांत क्रियापद बदलत नाही. 'खुर्ची मोडली', 'त्याने खुर्ची मोडली', तसंच. त्यामुळे इथे शब्द निवडायची अडचण नसते. चूक होते ती उलट बाजूने. कर्ता दिसत नाही म्हणून लोक घाबरून 'वॉज' घुसडतात : 'द डोअर वॉज ओपन्ड', 'द वेदर वॉज चेंज्ड'. पहिल्या वाक्यात वाचणारा विचारतो, कुणी उघडलं? दुसऱ्यात हवा बदलणारा कुणी महापुरुष उभा राहतो. आपोआप झालं असेल तर सरळ 'द डोअर ओपन्ड', 'द वेदर चेंज्ड'.

'राइझ', 'रेझ' आणि 'इन्क्रीज' या तिघांत म्हणूनच 'इन्क्रीज' सर्वांत सुरक्षित, ते दोन्हीकडे चालतं. फक्त ते मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ठेवा. सूर्य 'इन्क्रीज' होत नाही आणि हातही कुणी 'इन्क्रीज' करत नाही.

रानपाखरू

माझा प्रश्न साधा आहे. 'माझ्या हातून फोन पडला' हे कसं म्हणायचं? माझा मुलगा 'आय फेल माय फोन' म्हणतो.

उंबरठा

'आय ड्रॉप्ड माय फोन'. 'फॉल'ला कर्म चालत नाही. 'ड्रॉप' मात्र दोन्हीकडे चालतं : 'टेंपरेचर्स ड्रॉप्ड', 'ही ड्रॉप्ड द की'. मुलाच्या वाक्यातली गंमत म्हणजे 'फेल' नावाचं पाडणारं क्रियापद इंग्रजीत आहे खरं, पण ते झाडांपुरतं, किंवा एका ठोशात माणूस आडवा केला तर. शिवाय त्याचा भूतकाळ 'फेल्ड'.

टोचणी

आणि 'माझ्या हातून' मधला भाव? मराठीत मी पाडला नाही, तो पडला, माझा हात फक्त तिथे होता. 'आय ड्रॉप्ड' म्हटलं की गुन्हा कबूल.

उंबरठा

'द फोन स्लिप्ड आउट ऑफ माय हँड'. वकिली सोय तिकडेही आहे. :)

शब्दवेल्हाळ

'कम' आणि 'गो' वर कुणीच आलं नाही, म्हणून मी येतो.

इथे मराठी बोलणारे नशीबवान. समोरच्याकडे जायचं असेल तर आपण 'मी उद्या तुझ्याकडे येतो' म्हणतो, म्हणजे ऐकणाऱ्याच्या जागी उभं राहून बोलतो. इंग्रजीही तसंच : 'आय विल कम टू यू टुमॉरो'. स्पॅनिश बोलणाऱ्यांना हे मुद्दाम शिकावं लागतं, कारण त्यांच्याकडे बोलणारा स्वतः जिथे आहे त्या जागेलाच धरून राहतो. हाक मारली की आपण 'आलो!' म्हणतो आणि इंग्रजी बोलणारे 'कमिंग!' म्हणतात. सगळं जुळतं.

'ब्रिंग' आणि 'टेक' म्हणजे आणणे आणि नेणे, किंवा घेऊन येणे आणि घेऊन जाणे. 'कम'ला जे लागू ते 'ब्रिंग'ला, 'गो'ला जे लागू ते 'टेक'ला. 'फेच' तिसरं, त्यात दोन फेऱ्या आहेत : जा, घे आणि ये. हातात वस्तू घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला 'फेच इट' म्हणून चालत नाही, त्याला आधी जावं लागेल.

अडचण एकाच ठिकाणी. निघताना आपण 'येतो हं' म्हणतो. हे 'आय ॲम कमिंग' असं इंग्रजीत गेलं की समोरचा वाट बघत बसतो. तिथे 'आय ॲम ऑफ' किंवा 'सी यू'.

मधली_सुट्टी

'रीच्ड' पण घ्या ना. 'आय रीच्ड टू द स्टेशन' ऐकून ऐकून कान किटले.

शब्दवेल्हाळ

'रीच'ला 'टू' नको, 'अराइव्ह'ला 'ॲट' किंवा 'इन' हवं, 'गेट'ला 'टू' हवं. आपल्या 'स्टेशनला पोहोचलो' मधला 'ला' तिकडे जाऊन 'टू' होतो, ही त्यामागची गोम. आणि पोहोचल्याचा निरोप 'आय हॅव रीच्ड' एवढाच पाठवला तर आपल्याकडे चालून जातो. इतरत्र वाचणारा पुढचा शब्द शोधतो. 'आय हॅव अराइव्ह्ड' म्हणा, किंवा नुसतं 'आय ॲम हिअर'.

तसंच 'ही हॅज गॉन टू' म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. 'ही हॅज बिन टू' म्हणजे जाऊन आलाय.

गणितवेडा

नियम आवडणाऱ्यांसाठी एक प्रश्न. 'गो मॅड', 'गो बाल्ड', 'गो ब्लाइंड', 'गो बँकरप्ट', 'गो राँग'. आणि 'कम ट्रू', 'कम राइट', 'कम अलाइव्ह', 'कम टू युअर सेन्सेस'. इथे कुणीच कुठे जात-येत नाही, सगळे बदल आहेत. वाईटाकडे 'गो', चांगल्याकडे 'कम', असा नियम मांडता येईल का?

उंबरठा

हे निरीक्षण ईव्ह क्लार्क या भाषावैज्ञानिक बाईंनी १९७४ मध्ये 'लँग्वेज' या नियतकालिकात सविस्तर मांडलं आहे. त्यांचा मुद्दा चांगलं-वाईट याच्या एक पायरी खालचा आहे. नेहमीची, सामान्य स्थिती हे 'घर' धरायचं. घराकडे परतणं म्हणजे 'कम', घरापासून दूर जाणं म्हणजे 'गो'. तापाने फणफणलेल्या माणसाचं 'टेंपरेचर केम डाउन' म्हटलं की सुटकेचा निःश्वास. नुसतं 'वेंट डाउन' म्हटलं तर आकडा खाली गेला एवढंच कळतं. कदाचित नको इतकाही खाली गेला असेल.

मराठीत हे फार सुंदर जमतं. शुद्ध जाते आणि माणूस शुद्धीवर येतो. भानावर येतो, ताळ्यावर येतो, जमिनीवर येतो. वाया जातो, लयाला जातो, जीव जातो. वीज जाते आणि येते.

टोचणी

थांबा, थांबा. एवढं सुंदर जमत नाही. रडकुंडीला येणे. जेरीस येणे. मोडकळीस येणे. डबघाईला येणे. काकुळतीला येणे. हातघाईवर येणे. हे सगळे कोणत्या घरी परतले?

आणि राग, ताप, कंटाळा, घेरी : सगळं 'येतं'च.

मधली_सुट्टी

😂 टोचणी आयडी सार्थ.

गणितवेडा

इंग्रजीतही भोकं आहेत. 'गो ग्रीन', 'गो डिजिटल', 'गो पब्लिक' यांत वाईट काय? उलट 'कम अपार्ट', 'कम लूज', 'कम अनडन' यांत चांगलं काय?

उंबरठा

राग-ताप बाजूला ठेवू. तिथे माणूस कुठेच जात नाही, राग त्याच्याकडे येतो. म्हणून तर 'मला' राग येतो. ते शब्दशः 'कम'ने इंग्रजीत जातच नाही, 'आय गॉट अँग्री' म्हणावं लागतं.

रडकुंडी-जेरीस-डबघाई हा मात्र खरा आक्षेप आहे. मला वाटतं ही सगळी 'येणी' टोकाची आहेत : एखादी गोष्ट ढकलत ढकलत एका कडेपर्यंत येऊन ठेपली. तिथे बोलणारा कडेवर उभा राहून बघतो. मराठीचा 'येणे' बदल संपतो त्या जागी बसलेला, इंग्रजीचा 'कम' सामान्य स्थितीत बसलेला. म्हणून 'डबघाईला आला' याचं इंग्रजी 'कम'ने करायला गेलात की फसाल. 'वेंट अंडर', 'वेंट बस्ट' : तिथे 'गो'च.

गणितवेडा, 'गो ग्रीन' आणि मंडळी दूर जाण्याच्या नियमात बसतात. नेहमीची वाट सोडली एवढंच, ती बऱ्यासाठी की वाईटासाठी हे वाचणाऱ्याने ठरवावं. 'कम लूज', 'कम अनडन', 'कम ऑफ' हा वेगळा कळप, वस्तू जागेवरून सुटण्याचा. बटण 'केम ऑफ', गाठ 'केम अनडन', खिळा 'केम लूज'. तेवढा पाठच करावा लागतो.

कानामात्रा

'गो'बद्दल माझी एक कसोटी, तपासताना उपयोगी पडते. 'गो'पुढे सहसा असा गुण येतो ज्यावरून परत फिरणं अवघड किंवा अनपेक्षित आहे : 'बाल्ड', 'ब्लाइंड', 'डेफ'. रोज होणारं-जाणारं काही असेल तर 'गेट' : 'टायर्ड', 'हंग्री', 'कोल्ड', 'लेट', 'वेट'. 'ही वेंट टायर्ड' कुणी लिहीत नाही आणि 'ही गॉट बाल्ड' लिहिलं तर केस पुन्हा येतील अशी आशा वाटते.

रानपाखरू

मग 'बिकम' केव्हा? मी तर सगळीकडे तेच लावते, होणे म्हणजे 'बिकम'.

कानामात्रा

व्याकरणाची चूक होत नाही, पण 'आय बिकेम टायर्ड अँड बिकेम हंग्री' वाचताना सरकारी अहवाल वाचल्यासारखं वाटतं. बोलण्यात 'गेट', लेखी औपचारिक मजकुरात 'बिकम'.

नामापुढे मात्र 'बिकम'च. 'शी बिकेम अ डॉक्टर' म्हणजे ती डॉक्टर झाली. 'शी गॉट अ डॉक्टर' म्हणजे तिने डॉक्टर बोलावून आणला. पेशंटच्या जिवाचा प्रश्न असेल तर हा फरक किरकोळ नाही!

'टर्न' रंगांसाठी, हवेसाठी आणि वयासाठी : 'टर्न्ड रेड', 'टर्न्ड कोल्ड', 'टर्न्ड फोर्टी'. त्यात पालटल्याचा क्षण दिसतो. एका वस्तूची दुसरी झाली तर 'टर्न इंटू'.

शब्दवेल्हाळ

यात आपलं 'पडणे' विसरू नका. पान पिवळं पडतं, चेहरा काळा पडतो, रंग फिका पडतो, चहा गार पडतो, माणूस आजारी पडतो. इंग्रजी 'फॉल'ही बदलात उतरतं, पण यातल्या फक्त शेवटच्याशीच त्याचं जमतं : 'फॉल इल'. त्याखेरीज 'फॉल अस्लीप', 'फॉल सायलेंट', 'फॉल इन लव्ह'. पान मात्र 'फेल यलो' होत नाही, ते 'टर्न्ड यलो'. चेहरा 'फेल' झाला असं लिहिलंत तर तेही वेगळंच : 'हिज फेस फेल' म्हणजे हिरमुसला.

आडवाट

चालण्याबद्दल एक. 'तो लंगडत खोलीत आला' याचं भाषांतर मी 'ही केम इंटू द रूम लिम्पिंग' केलं, संपादकाने 'ही लिम्प्ड इंटू द रूम' करून परत पाठवलं. माझं चूक होतं का?

उंबरठा

चूक नाही, पण इंग्रजीच्या चालीचं नाही. भाषावैज्ञानिक लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ मध्ये भाषांची जी विभागणी मांडली ती इथे लागू पडते. काही भाषा क्रियापदात दिशा ठेवतात : येणे, जाणे, शिरणे, निघणे, उतरणे. कसं ते बाजूला सांगतात : लंगडत, धावत, रांगत, तरंगत. इंग्रजी उलट करते. 'कसं' क्रियापदात भरते आणि दिशा 'इन', 'आउट', 'अप', 'ॲक्रॉस' या चिमुकल्यांवर सोपवते. 'बाटली तरंगत गुहेतून बाहेर आली' म्हणजे 'द बॉटल फ्लोटेड आउट ऑफ द केव्ह'.

म्हणून इंग्रजीकडे चालण्याच्या क्रियापदांची रास आहे : रमतगमत जाणारा 'स्ट्रोल्स', झोकांड्या खाणारा 'स्टॅगर्स', चवड्यांवर जाणारा 'टिपटोज', दमून पाय ओढणारा 'ट्रजेस'. आपल्याकडे त्या जागी लगबगीने, तुरुतुरु, डुलत, रखडत आहेत. इंग्रजीत लिहिताना आपलं क्रियाविशेषण उचलून त्याचं क्रियापद करा आणि 'आला-गेला' खुशाल गाळा.

टोचणी

आणि इंग्रजीतून मराठीत येताना? 'शी टिपटोड आउट' म्हणजे 'ती चवडली'?

उंबरठा

'चवड्यांवर चालत बाहेर गेली'. शब्द वाढतात, वाढू द्या.

मधली_सुट्टी

वाचनखूण साठवली. 'ड्रेंच'साठी विशेष आभार.

रानपाखरू

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. 'मला ते हळूहळू आवडायला लागलं' : 'आय बिकेम टू लाइक इट'?

कानामात्रा

'बिकेम'पुढे 'टू लाइक' येतच नाही. 'आय ग्रू टू लाइक इट' किंवा 'आय केम टू लाइक इट'. 'ग्रू'मध्ये दिवसेंदिवस वाढत गेल्याचा भाव आहे. 'केम'मध्ये अखेर तिथवर पोहोचल्याचा, म्हणून 'केम टू रिअलाइझ'. 'गॉट टू लाइक' म्हटलंत तर वाचणारा थबकेल, कारण 'गॉट टू'पुढे सहसा संधी मिळाल्याची गोष्ट येते : 'वी गॉट टू मीट हर', म्हणजे तिला भेटायला मिळालं. ओळख होत गेली या अर्थी 'गॉट टू नो' तेवढं वेगळं.